अक्कांच्या नावानं दिलेली साक्ष

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच. आणि प्रार्थनेत? तिथंही मी या गोष्टीला वळसा घालून जाते — देवाला ठाऊकच आहे, पुन्हा कशाला बोलायचं, असं स्वतःला दटावते. शहाणी आहे मी! दर रविवारी चर्चमध्ये लहान पोरांकडून दहा आज्ञा पाठ करून घेते, कुणी अडखळलं की डोळे वटारते. तर तुम्ही ऐका. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

आम्ही चाळीसगावचे. नदीकाठी, खालच्या आळीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. हे वरणगावला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. लेक धुळ्याला वसतिगृहात. म्हणजे घरात मी आणि सासूबाई. त्यांना सगळी आळी अक्का म्हणायची, हेसुद्धा. अंगानं भारी, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत! माझ्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला त्यांनी उभ्या जन्मात कधी चांगलं म्हटलं नाही. आम्ही भांडायचो, अबोला धरायचो, आणि संध्याकाळी प्रार्थनेला एकाच चटईवर बसायचो. हे का सांगतेय? तुम्हाला वाटेल, राग असेल मनात. नव्हता हो. असता तर निदान कारण म्हणून पुढे तरी करता आला असता.

त्या रात्री घाटात ढगफुटी झाली आणि उजाडता उजाडता नदी आळीत शिरली. भांडी तरंगायला लागली तेव्हा मला जाग आली. गल्लीच्या वळणापलीकडे रशीदभाईंचं गाद्यांचं दुकान, वर पक्की गच्ची — सगळी आळी तिकडेच पळत होती. मी अक्कांना खाटेवरून उठवलं, हाताला धरून दारापर्यंत आणलं. गल्लीत पाणी कमरेला लागत होतं, आणि ओढ तर विचारू नका. इथपर्यंतचं मी सगळ्यांना सांगते. इथपर्यंत खरं आहे. पुढचं — पुढचं जरा थांबून सांगते.

अक्का दुसऱ्या दिवशी सापडल्या, पार खाली, बाभळींमध्ये. त्यांना माती दिली आणि हे अर्ध्या पडलेल्या घराच्या ओट्यावर येऊन जे बसले, ते उठेचनात. भेटायला माणसं यायची, बसायची, जायची. पाळकसाहेब प्रार्थना करू म्हणाले तर यांनी हात झटकला. जन्मभर सकाळी गुडघे टेकणारा माणूस! म्हणाले, मी तिथे नव्हतो, आणि तुमचा देवही नव्हता. मला फार भीती वाटली हो. अक्का तर गेल्याच होत्या, आता हेही माझ्या डोळ्यांदेखत चालले होते.

मग अक्कांच्या स्मरणाची उपासना झाली. आमच्याकडे अशा वेळी घरातलं कुणीतरी उभं राहून साक्ष देतं — गेलेल्या माणसात देवानं काय केलं, ते सांगतं. पाळकसाहेबांनी विचारलं, कोण बोलणार? हे सगळ्यात मागच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून. मी उभी राहिले. अक्का भल्या होत्या, एवढंच बोलून खाली बसायचं, असं ठरवलं होतं. देवाशपथ, एवढंच.

आणि तोंडातून निघालं — अक्कांनी आपणहून माझा हात सोडला. म्हणाल्या, 'तू जाय बेटा, मन्हासंगे प्रभू शे.'

तू जा, माझ्यासोबत प्रभू आहे — कुठून आलं ते? मी घरात कधी अहिराणी बोलत नाही, मी शहरात वाढलेली. पण अक्का तशाच बोलायच्या, हुबेहूब तशाच, म्हणून तर कुणाला शंका आली नाही. बायका हुंदके द्यायला लागल्या. कुणीतरी मोठ्यानं हालेलुया म्हटलं. आणि मागच्या बाकावरून रडण्याचा आवाज आला — आई गेल्यापासून पहिल्यांदाच हे रडत होते. लहान पोरासारखे. मग उठले, पुढे आले, आणि गुडघ्यांवर बसले.

तिथून हे जे सावरले, ते आजतागायत. त्यांचं समाधान खोटं आहे असं मी कसं म्हणू? रोज बघते ना मी. पुरात ज्यांची माणसं गेली त्यांच्याकडे हे जाऊन बसायचे, त्यांच्याबरोबर प्रार्थना करायचे, अक्कांचे शब्द सांगायचे. अक्कांच्या कबरीच्या दगडावर नावाखाली त्यांनी बायबलमधलं वचन घातलं नाही, हेच कोरून घेतलं — मन्हासंगे प्रभू शे. एकदा धुळ्याच्या चर्चमधल्या मंडळीनं मला साक्षीला बोलावलं. गेले मी, इस्त्रीची साडी नेसून! आणि तिथे त्यात भर घातली. अक्का हसल्या, असं सांगितलं. कुणी विचारलं होतं का? नाही. मलाच ते गोड वाटायला लागलं होतं.

आता सांगते.

अक्कांनी हात सोडला नाही. मी सोडवून घेतला. त्यांची बोटं माझ्या मनगटाला घट्ट बसली होती, ती मी दुसऱ्या हातानं एकेक करून काढली. म्हटलं, चौकट धरून ठेवा, मी माणूस घेऊन येते. आणि भिंतीच्या कडेकडेनं निघाले. मागून अक्का ओरडत होत्या. प्रभूला नव्हे हो — मला. 'मंगल व, माले सोडी जाऊ नको!' दोनदा ऐकलं, तीनदा ऐकलं. मी मान वळवली नाही. वळवली असती तर परत जावं लागलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

एवढंच असतं तर भित्री म्हणून सोडून दिलं असतं मी स्वतःला. पण जिन्यावर रशीदभाई उभे होते, पोरांना वर ओढून घेत होते. पट्टीचा पोहणारा माणूस, कमरेला दोर बांधलेला. त्यांनी विचारलं, 'अक्का किधर है?' आमचं दार गल्लीच्या वळणाआड, तिथून दिसत नव्हतं. माणूस समोर होता. मी माणूसच तर आणायला निघाले होते ना? पण मग सांगावं लागलं असतं की म्हाताऱ्या सासूला मी दारात सोडून आले. सगळी आळी बघत होती. मला लाज वाटली. मी म्हटलं, 'येताहेत मागून.' आणि वर गेले.

ते बिचारे जिन्यावर वाट बघत राहिले. मग धप्पकन आवाज आला. आमची भिंत.

रशीदभाई अजून ईदला शीरखुर्मा पाठवतात. कधी चकार शब्द बोलले नाहीत. त्यांना आठवतं का, मला माहीत नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं कबरस्तानात गेलो होतो, दगडाची अक्षरं फिकी पडली होती म्हणून. माझा हात चांगला, त्यामुळे काळा रंग भरायचं काम दर वर्षी माझ्याकडेच. हे बाजूला गवत उपटत होते. आता निवृत्त झालेत, केस पांढरे झालेत. मध्येच थांबले आणि म्हणाले, 'इतकी वर्षं विचारीन विचारीन म्हणतोय. शब्द तर तू सांगितलेस. पण अक्काचा आवाज कसा होता गं? घाबरली होती का?'

माझा ब्रश 'प्रभू'वर होता. सांगता आलं असतं. तिथे आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.

'नाही,' मी म्हटलं. 'अगदी शांत होत्या.'

त्यांनी डोळे पुसले, देवाचे आभार मानले, आणि पुन्हा गवत उपटायला लागले. मी उरलेली अक्षरं भरली. उद्या पुन्हा विचारलं, तरी मी हेच सांगेन.