कागदावर तिसरी, बसायला दुसरी

"कागदावर तिसरी, बसायला दुसरी," असं माझ्या धाकट्या मुलीनं, रतननं, तपासणीला आलेल्या साहेबांना खणखणीत आवाजात सांगितलं. साहेबांनी फक्त "बाळ, तू कितवीत?" एवढंच विचारलं होतं.

मी दाराशी माठाजवळ तांब्या घेऊन उभी होते. शाळेची झाडलोट करायची आणि पाणी भरायचं हे माझं काम. साहेबांना वाटलं, पोर गोंधळली. त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं. तिनंही तेच सांगितलं. मग त्या पट्टीवर बसलेल्या सहाही मुली उभ्या राहिल्या आणि रोज सकाळी हजेरीला म्हणायच्या तशाच एका सुरात म्हणाल्या, "कागदावर तिसरी, बसायला दुसरी!" खिडकीच्या गजांना धरून त्यांच्यातल्या तिघींचे बाप उभे होते. तपासणी म्हटली की आमच्या गावातली रिकामी माणसं बघायला यायचीच.

"बाई, हा काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारलं.

मी मागून हातवारे करत होते, की म्हणा काहीतरी, पोरींनी चेष्टा केली म्हणा. दुसरी कुणीही असती तर म्हणाली असती. जगदाळेबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "खरं तेच सांगितलं त्यांनी. कागदावर त्या तिसरीत आहेत आणि बसतात माझ्याकडं दुसरीत."

त्या बाईचा मला आजही राग येतो.

जगदाळेबाई साताऱ्याच्या. वडील फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळं चालणं असं की मागून येणाऱ्याला धाप लागावी. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र ओढ्यापलीकडं जाणारा. कडेगावला एस.टी.तून उतरून चार मैल चालत आमच्या गावात आल्या, तेव्हा लोकांना वाटलं, सहा महिन्यांत बदली करून घेईल. सात वर्षं राहिल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "तू केलंस ना? मग मला सांग, काय चुकलं माझं." मी पुन्हा विचारलं नाही.

त्यांची एक खोड होती. मुलांना पुस्तकातून वाचायला लावायच्याच नाहीत. आमच्या पोरांना पुस्तक आख्खं पाठ असायचं. पान उलटं धरलं तरी घडाघडा म्हणायची. साहेब लोक खूश होऊन शेरा लिहून जायचे. म्हणून बाई वाण्याच्या दुकानातून पुड्यांचे कागद गोळा करून आणायच्या. कुठल्या वर्तमानपत्राचा तुकडा, कुठल्या लग्नपत्रिकेचा कोपरा. तो पोराच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "हं, वाच. म्हणू नकोस, वाच." तिथं भल्याभल्यांची बोबडी वळायची. ज्याला तो कागद वाचता आला तो पास, नाही आला तो नापास. पाटलाचा नातू असो नाहीतर माझी मुलगी.

माझी थोरली मुलगी, हौसा, अशीच दुसरीत नापास झाली. माझे मालक तेव्हा पलटनीतून सुट्टीवर आले होते. त्यांनी निकाल ऐकला आणि म्हणाले, "नापास म्हंजे अनफिट. अनफिट मानूस पलटनीत ठेवत न्हाईत. बास झाली साळा." सासूबाईंना तेच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी हौसा म्हशीमागं. बाईंच्या पाया पडायचंच मी बाकी ठेवलं होतं.

"बाई, पास म्हनून लिवा की. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. तिला वाचता येत नाही, अनुसया. आणखी एक वर्ष दे, येईल."

"वरीस कोन देतंय? घरात माझं चालतंय व्हय?"

"मग मी खोटं लिहू?"

"लिवा की!"

नाही लिहिलं. दोन वेळा मालकांशी बोलायला घरी आल्या. मालकांनी चहा दिला, मुलगी दिली नाही. त्यानंतर वर्षभर मी शाळा झाडत होते, बाईंशी बोलत नव्हते. घागर ठेवायची ती आपटून ठेवायची.

दुष्काळ सरल्यानंतर एका उन्हाळ्यात नवा हुकूम आला. आसपासच्या शाळांचे मास्तर आमच्या शाळेत बैठकीला जमले. मी चहाची किटली फिरवत होते, म्हणून सगळं ऐकलं. पुढं तपासणीला आले त्याच साहेबांनी कागद वाचून दाखवला: पहिली आणि दुसरी एकच धरायची, पोरानं आपापल्या गतीनं शिकायचं, आणि कुणालाही नापास न करता तिसरीत घालायचं.

आमच्या शाळेत तिसरी-चौथी सांभाळायला आप्पा गुरुजी होते. हेड तेच. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "लय झ्याक झालं, सायेब. गुरं मोजायची आमी, मतदार मोजायचे आमी, नसबंदीच्या केशी आनायच्या आमी. आता शिकवायचं तेवढं माफ झालं बगा."

सगळे हसले. बाई उठून उभ्या राहिल्या. "हसू नका. साहेब, आपापल्या गतीनं म्हणता, आणि दोन वर्षांनी सगळ्यांना एकाच दिवशी तिसरीत ढकलता. ज्याला वाचता येत नाही त्यानं तिसरीत जाऊन काय करायचं? भिंतीला टेकून बसायचं?"

साहेब वयानं लहान होते, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही इतकी वर्षं नापास करताय. नापास केलेल्या मुलींतल्या किती पुन्हा वर्गात आल्या?"

बाईंनी खाली पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "एकही नाही."

"मग?"

किटली धरून मी मनात म्हटलं, आता बोला. मला साहेबांचं पटलं होतं. हा कागद दोन वर्षं आधी आला असता तर माझी हौसा शाळेत असती, मग भिंतीला टेकून का असेना. बाईंचंही खोटं नव्हतं, हे मला तेव्हा दिसत होतं. पण ते दिसून मला उपयोग काय?

 आठ-दहा दिवसांनी बाईंनी आपला मार्ग काढला. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा तिसरीत जायच्या पोरांत सहा मुली अशा होत्या की ज्यांना पुडीचा कागद वाचता येत नव्हता. त्यांत आमची रतन. बाईंनी सहाही जणींना तिसरीच्या हजेरीपटावर चढवलं आणि आपल्या खोलीत, दुसरीच्या पट्टीवर बसवून ठेवलं. आप्पा गुरुजींना सांगितलं, "यांना वाचता आलं की एकेक करून तुमच्याकडं धाडते."

"धाडा, न्हाईतर ठेवा. माजी गर्दी कमी," आप्पा गुरुजी म्हणाले.

रोज सकाळी दोन हजेऱ्या व्हायच्या. एक पटावरची आणि एक पट्टीवरची. पोरींना आपण कुठं आहोत हे नीट कळावं म्हणून बाई त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणून घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, "आवं बाई, पोरींस्नी गप बसायला शिकवा. एकांद्या दिवशी नको तिथं बोलतील."

"मी त्यांना खोटं बोलायला शिकवू?"

"तुमी कागदावर काय लिवलंय मग?"

"कागदाचं पाप माझं. त्यांच्या तोंडात कशाला घालू?"

आता अशा माणसापुढं काय डोकं आपटायचं? लबाडी करायची आणि तीही लपवायची नाही! मला घरी हे सांगायची सोय नव्हती. मालक पलटनीत, सासूबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमची रतनी तिसरीत गेली." मी गप्प राहिले. कारण दुपारच्या सुट्टीत बाई त्या सहा जणींना घेऊन बसायच्या आणि मी झाडू घेऊन तिथंच घुटमळायची. रतन अक्षराला अक्षर लावायला लागली होती. गणपतीच्या सुमाराला तिनं खाऊच्या पुडीवरचं "भाव" वाचलं. मग "बाजारभाव" वाचलं. बाई म्हणाल्या, "हं, पुढं." शाबासकी वगैरे त्यांच्याकडं नसायची.

आणि त्यानंतर महिन्याभरात ती तपासणी.

गावात भडका उडाला. ज्यांना पोरी शाळेत आहेत की नाहीत याचीही खबर नसायची, ते बाप चावडीसमोर ओरडायला लागले. "आमाला फसवलं. पोरगी तिसरीत म्हनून सोयऱ्यांत सांगून बसलो की रं!" एक म्हणाला, "माजी पोर हुशार हाय, बाईनं मुद्दाम मागं ठेवली." त्याच्या पोरीला तेव्हा 'क' आणि 'फ' यातला फरक कळत नव्हता. आप्पा गुरुजींनी साहेबांना सांगितलं, आपल्याला यातली काहीच कल्पना नव्हती. बाईंची बदली करावी असा अर्ज तयार झाला, तो गुरुजींच्याच वळणदार अक्षरात.

अर्ज माझ्याकडं आला. पाटलाचा भाऊ म्हणाला, "वैनी, तू साळंत असतीस. समदं बगितलंस. तुजी सही झाली की काम पक्कं."

मी अर्ज वाचला. चौथीपर्यंत शिकले आहे, वाचता येतं. त्यात लिहिलं होतं की, बाई मुलींचं नुकसान करतात. मला हौसा आठवली. म्हशीमागं फिरून काळी पडलेली, रतनच्या पाटीकडं न बघता निघून जाणारी. हौसासाठी ही बाई खोटं लिहायला तयार झाली नाही. आणि रतनसाठी झाली. दुसऱ्यांच्या पोरींसाठी झाली. मग माझ्या हौसाच्याच वेळी कुठं गेला होता हा शहाणपणा?

मी सही केली. कुणी माझा हात धरून करवली नव्हती.

आठवड्यानं बाईंना खुलासा द्यायला सांगितलं आणि सोबत अर्जाची नक्कल आली. शाळा सुटल्यावर त्यांनी मला हाक मारली. नक्कल टेबलावर पसरलेली होती. माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही तुझी सही?"

"व्हय."

"वाचून केलीस की न वाचता?"

"वाचून."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली. "बाकीच्यांनी न वाचता केली असणार."

मला वाटलं होतं, बोलतील, रडतील. मीच म्हटलं, "हौसासाठी केली."

"कळलं मला." मग म्हणाल्या, "साहेब बरोबर होते बैठकीच्या दिवशी. पण मीही चूक नव्हते. हे दोन्ही एका खुलाशात कसं लिहायचं, तेवढं सांग."

 मी झाडू उचलला.

खुलासा त्यांनी चार ओळींचा लिहिला. मी केलं, मुलींना वाचता यावं म्हणून केलं, मुलींचा दोष नाही. आप्पा गुरुजींचं नावसुद्धा घेतलं नाही. ते मला समजलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. बदलीचा हुकूम दिवाळीनंतर आला, जतच्या बाजूला, मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीवर. उन्हाळ्यात तिथं प्यायला पाणी नसायचं. पगारवाढही थांबली. इतर शाळांतली न वाचणारी पोरं बिनबोभाट तिसरीत, तिसरीतून चौथीत गेली, त्यांच्या मास्तरांना कुणी काही विचारलं नाही.

हुकूम आला तरी बाई शेवटच्या शनिवारपर्यंत दुपारची सुट्टी त्या पोरींबरोबरच बसत होत्या. रतन आणि आणखी तिघी वाचायला लागल्या. जायच्या दिवशी वळकटी आणि ट्रंक बैलगाडीत चढवून त्या मला म्हणाल्या, "दोघी राहिल्यात. तू बस त्यांना घेऊन. दुपारी तासभर पुरे."

"मी? मला काय येतंय, बाई?"

"चौथी पास आहेस ना? कुणी ढकलून पास केलं होतं का?"

"न्हाई."

"मग येतंय."

गाडी निघाली. वेशीपर्यंत मी गेले नाही. गेले असते तर लोकांनी म्हटलं असतं, आधी सही करती आणि मग पोचवायला जाती. दोघींना घेऊन मी महिनाभर बसले. मग खुरपणी निघाली आणि ते राहून गेलं. एकीनं पुढं कसंबसं अक्षर जुळवलं. उरलेल्या एकीला चौथीच्या अखेरीपर्यंत आप्पा गुरुजींनी भिंतीला टेकवून बसवलं आणि पास केलं.

जतच्या बाजूला बाईंनी काय केलं, मला माहीत नाही. ती माणसं सांगायला इकडं कशाला येतील? निवृत्त होऊन त्या साताऱ्याला गेल्या आणि तिथंच वारल्या. मला ते दोन वर्षांनी, बाजारात, तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आप्पा गुरुजींचा सत्कार झाला होता, तेही गेले. माझे मालक गेले.

हौसा आहे. ऊस खुरपते, अंगठा करते. रतन आहे. इस्लामपूरला असते, येणारा-जाणारा प्रत्येक कागद वाचून मग सही करते. मी आहे.