पैलवानाच्या पोटऱ्या

शेजारी बाळाला चोळायला तिळाचं तेल कोमट केलं असावं. वास आमच्या ओसरीपर्यंत आला आणि मामा आठवले.

मामा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी राहुरीकडच्या जत्रांत कुस्त्या मारलेले. तेव्हा माझा ओम पाच वर्षांचा होता. पळताना पडायचा, पण पोटऱ्या टणक, भरलेल्या. मामा रोज सकाळी त्यांना तेल चोळत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, "बगा, पैलवान हाय!"

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ती ताकद नव्हे, आजार आहे. स्नायू झिजत जाणार. हा दोष आईकडून आलाय, पुढचा मुलगाही तसाच निघू शकतो.

दुसऱ्या दिवशी मामा तेल चोळत असतानाच मी ते सांगितलं. सासूबाई तर दुसऱ्या नातवासाठी नवस बोलून बसल्या होत्या. मामांचे हात पोटरीवरच थांबले. तेलाची वाटी बाजूला सारून म्हणाले, "पोरी, दुसरं नगं. कुनी इचारलं तर माझं नाव सांग. म्हनावं, म्हाताऱ्यानंच नगं म्हटलं."

दिवस गेल्यावर लवकर तपासणी करून पोटातल्या बाळाला हा आजार आहे का ते कळतं, असंही डॉक्टर म्हणाले होते. ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण मामांचे डोळे बघितले आणि गिळून टाकलं. तेव्हा वाटलं, केवढा आधार दिला! माझं मन मात्र कुणी विचारलंच नव्हतं, हे मामा गेल्यावर कळलं.

"आई, कुणाला चोळतायत गं?" चाकाच्या खुर्चीतून ओमनं विचारलं. आता त्याला मिसरूड फुटलंय.

"बाळाला," मी म्हटलं आणि दार लोटून घेतलं.