डिकीतला गाळ

महाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली, तेव्हा नाते गावाहून पहिल्या शिफ्टला वेळेवर पोहोचायला मला स्वस्तातली गाडी हवी होती. पोलादपुरात एका घरी जुनी स्कूटर विकायला होती. गाडी चकाचक, किंमत मात्र संशय यावा इतकी कमी.

"दारातच उभी असते, ताई. फार चालवलीच नाय," मालक म्हणाला.

मग सीटकव्हर आणि पायाखालचं मॅट नवं कशाला, हे मला कळेना. मी सीट उघडायला सांगितली, तर म्हणाला, किल्ली अडकते. शेवटी मीच किल्ली जोरात फिरवली. डिकीच्या कोपऱ्यात तांबडा गाळ वाळून बसला होता.

"ही पुरात होती का?"

"छे! रस्त्याची धूळ हाय ती."

तेवढ्यात दारातून त्याची बायको बोलली, "खोटं कशाला बोलता? महाडला माझ्या भावाकडं होती, दोन दिवस पाण्याखाली. नको घेऊस गो तू."

मला राग आला होता, पण त्या बाईसमोर भांडवेना.

पुढच्या महिन्यात गावातल्याच एका शिक्षकांनी त्यांची मोटरसायकल आठ दिवस चालवून बघायला दिली. ती चांगली निघाली, मी घेतलीही. पण ते आठही दिवस मी टॉर्च लावून तिचे कोपरे तपासत होते.