चिठ्ठीची मागची बाजू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी कळंबोली नाक्यावरच्या केमिस्टचं नाव घेतो. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. आणि मी कोणाला माफ केलेलं नाही असं विचारलं, तर मातीची भरणी करणारा एक ठेकेदार. या दोघांच्या गोष्टी मला वेगवेगळ्या सांगता येत नाहीत, कारण माझ्या मोडलेल्या पायाचं औषध एकाच्या चिठ्ठीवर दुसऱ्याच्या दुकानातून येत होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बेलापूरला सरकारी इमारती उभ्या राहत होत्या आणि खाडीकाठच्या खाजणात दिवसभर डंपर माती ओतत होते. मी एका कार्यालयात हंगामी कारकून होतो. तालुक्याच्या गावी बी. ए. झालो होतो. माझे आजोबा अंगठा उठवत, वडीलही अंगठाच उठवत. आमच्या घरात सही करणारा मी पहिला. शाळेतल्या गुरुजींनी माझ्याकडून सही पाटीवर महिनाभर गिरवून घेतली होती. ‘सही बघून समोरचा उठून उभा राहिला पाहिजे,’ असं ते म्हणत. त्या सहीचा मला फार अभिमान होता. पुढे जे झालं ते त्या अभिमानामुळेच.

कामोठे तेव्हा गाव होतं. तिथे एका आगरी घरात मी खोली घेतली होती आणि सायकलने बेलापूरला जात-येत असे. एका संध्याकाळी परतताना भरणीच्या जागेवरून एक डंपर उलटा रस्त्यावर आला. मागे उभं राहून हात दाखवायला क्लीनर नव्हता. मी सायकलसकट खाली गेलो. डाव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पनवेलच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. जखमेसाठी त्याला खिडकी ठेवली होती. आठवड्यात हाडात पू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शनं आणि गोळ्या कित्येक महिने लागतील, आणि मध्ये खंड पडला तर पाय जाईल. ती औषधं माझ्या पगारात बसणारी नव्हती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, ज्याचा डंपर होता तो ठेकेदार स्वतः आला. हातात शहाळं, अंगावर पांढरा सफारी. मी आडवा होतो तरी तो मला ‘साहेब’ म्हणाला.

“साहेब, झालं ते वाईट झालं. पण तुमी टेन्शन घेऊ नका. आमच्याकडं पद्धत हाये. मुकादम दर आठवड्याला चिठ्ठी देईल. नाक्यावरच्या केमिस्टकडं आपलं खातं हाये. चिठ्ठी दाखवायची, औषध घ्यायचं, मागं सही करायची. खिशात हात घालायचाच नाय.”

मला रडू आलं. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. घरी पत्र लिहिलं की इथे देवमाणूस भेटला. आईने त्याच्या नावाने देवापुढे दिवा लावला. त्या दिव्यात जळलेलं तेल मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

घरमालकीण मात्र चिठ्ठी उलटसुलट करून म्हणाली, “फुकाट कोन काय देत नाय रं पोरा. मांगं कोरा कनाला हाय ह्यो कागद?”

“औषध मिळाल्याची सही करायला, मावशी.”

“तू शिकलेला हाईस. तुलाच ठावं.”

मी शिकलेला होतो. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला छापलं होतं : या माणसास डॉक्टरांनी लिहिलेले औषध आमच्या खात्यावर द्यावे. ती ओळ मी दर वेळी पूर्ण वाचत असे. मागची बाजू कोरी असे. कोऱ्या कागदात वाचायचं काय?

कुबड्या घेऊन हिंडता येऊ लागल्यावर मी दुधाच्या टेम्पोतून नाक्यावर जाऊ लागलो. काकांचं दुकान अरुंद होतं. काउंटरवर एका बाजूला पेन आणि दुसऱ्या बाजूला जांभळ्या शाईचा पॅड. भरणीवरचे मजूर येत, कोणाचं बोट चेपलेलं, कोणाचं डोकं फुटलेलं. औषध घेत, कोऱ्या पाठीवर अंगठा टेकवत आणि बोट केसांना पुसत निघून जात. काका ती चिठ्ठी भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवत. महिनाअखेरीला मुकादम तारेतला गठ्ठा घेऊन जाई आणि खात्याचे पैसे चुकते करी.

माझ्यापुढे काका पेन ठेवत. एकदा त्यांनी पेन हातातच धरून ठेवलं.

“वाचून सही करता ना?”

“हो, दर वेळी वाचतो.”

“पुढची बाजू.”

“मागे काही नाहीच आहे काका.”

त्यांनी माझी पुडी बांधली. मग म्हणाले, “गोळी जेवणानंतर घ्या.” आणि पेन दिलं. मी गुरुजींनी शिकवलेली लांब शेपटीची सही केली.

सहाव्या महिन्यात चिठ्ठ्या अचानक बंद झाल्या. जखम वाहतच होती, औषध उसनवारीवर चाललं होतं. पाय इंचभर आखूड झाला होता आणि माझ्या जागी कार्यालयाने दुसरा हंगामी घेतला होता. मी ठेकेदाराच्या साइटवरच्या शेडमध्ये गेलो. तो आत बसून चहा पीत होता, त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. बाहेर मुकादम आला.

“शेठ नाहीयेत.”

“आत बोलतायत ते कोण?”

“ते पण नाहीयेत. ओ साहेब, आता बस करा ना. तुमी सगळं लिहून दिलंय, आता काय पायजे?”

मी काय लिहून दिलं होतं ते मला ठाण्याच्या कोर्टात कळलं. पनवेलच्या एका वकिलांनी माझा दावा दाखल केला होता. ठेकेदाराच्या वकिलाने चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे, माझ्या सहीच्या वर, कोणाच्या तरी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : मी माझ्या चुकीने गाडीखाली आलो. उपचाराचा सर्व खर्च मिळाला. माझी काहीही तक्रार नाही व पुढे राहणार नाही.

माझी सही त्याखाली झोकात उभी होती.

मी ओरडलो की हे नंतर लिहिलंय. ठेकेदार न्यायाधीशांकडे वळून शांतपणे म्हणाला, “साहेब, अडाणी माणूस असता तर मी समजलो असतो. हा ग्रॅज्युएट आहे. न वाचता सही करील का?”

कोर्टात दोनचार जण हसले. मान खाली घालून बसलो तेव्हा मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही. पायाचं राहू दे. त्या हसण्याबद्दल सोडणार नाही.

त्याच दिवशी मी ठाण्याहून थेट नाक्यावर उतरलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी कुबडी काउंटरवर आपटली.

“तुम्हाला माहीत होतं!”

काकांनी गिऱ्हाईकाला औषध दिलं, सुटे पैसे दिले, मग माझ्याकडे वळले. “हो.”

“किती वर्षं?”

“दुकान टाकल्यापासून. माझं निम्मं दुकान त्या खात्यावर चालतं. मी अंगठे घ्यायचो आणि गठ्ठा परत द्यायचो. पुढे त्यावर काय लिहितात ते मी कधी विचारलं नाही. माहीत असलं की विचारावं लागत नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “ह्याच ठेकेदाराच्या खाणीतल्या सुरुंगात एकाचे डोळे गेले. दोन्ही डोळ्यांना पट्टी होती. त्याला पॅड सापडेना. मी त्याचा अंगठा धरून टेकवला. ह्या हातानं.”

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता फडताळातून माझी इंजेक्शनं काढत होते. पुडी माझ्यापुढे सरकवली. पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणाले.

“घेऊन जा. खंड पडला तर पाय जाईल.”

“चिठ्ठी नाही. पैसे नाहीत. आणि तुमचं औषध मला नको.”

“औषध माझं कुठाय, कंपनीचं आहे. माझ्यावरचा राग त्या बिचाऱ्यांवर का काढतोस? पैशांचं पाय बरा झाल्यावर बघू. आणि सही नकोय मला. कुठंच करू नकोस.”

पुडी मी घेतली. नाकारण्याइतका माझा पाय शहाणा नव्हता. त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याकडून तसंच औषध नेलं. त्यांनी कशावरही माझी सही घेतली नाही.

त्या दिवशी निघताना माझी नजर भिंतीवरच्या तारेकडे गेली. तारेत थोड्या चिठ्ठ्या होत्या.

“ह्या?”

“तुझ्या शेवटच्या महिन्याच्या. तुझी चिठ्ठी बंद केली त्या महिन्याचे पैसे द्यायला तो का-कू करायला लागला. म्हणाला, पुढच्या महिन्यात एकदम बघू. पैसे नाहीत तर गठ्ठा नाही, असा माझा नियम. पुढचे गठ्ठे मुकादमाने पैसे देऊन नेले, हा मागे राहिला तो राहिलाच.”

त्यात माझ्या चार चिठ्ठ्या होत्या. मी त्या उलटवल्या. माझी सही, आणि वर कोरा कागद. एका महिन्याच्या बिलात हात आखडला म्हणून तो माणूस बुडाला. हे आठवलं की आजही मला सुखाची झोप लागते.

पण चिठ्ठ्या स्वतःहून बोलत नाहीत. काकांना साक्षीला उभं राहावं लागलं. साक्षीच्या आदल्या आठवड्यात ठेकेदाराने खातं बंद केलं आणि नाक्यावरच्या दुसऱ्या ठेकेदारांनाही बंद करायला लावलं. तरी काका आले, इस्त्रीचा सदरा घालून. समोरच्या वकिलाने विचारलं, “म्हणजे कोऱ्या कागदावर सह्या घेण्यात तुम्हीही सामील होतात?”

“होतो.”

“मग तुम्हीही गुन्हेगार?”

“लिहून घ्या,” काका म्हणाले. “मी वाचून सही करतो.”

या वेळी कोणी हसलं नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला. भरपाई देण्याच्या दिवशी ठेकेदाराच्या वकिलाने त्याच्यापुढे कागद ठेवला. त्याने पेन उघडलं. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, “शेठ, उलटून बघा. मागं कोरा आहे का?” आणि त्याने खरोखरच कागद उलटून पाहिला. मगच सही केली. ती कागद उलटणारी बोटं मी आजवर मनात जपून ठेवली आहेत.

तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, हेही खरं सांगतो. भरपाईतून मी काकांचं औषधाचं बिल आग्रहाने चुकतं केलं. मग कार्यालयात परत लागलो आणि निकालाची नक्कल ज्या टेबलावर त्याच्या पुढच्या ठेक्याची फाइल होती तिथे नेऊन ठेवली. ते माझं काम नव्हतं. तरी ठेवली. पुढचं काम त्याला मिळालं नाही. दर रविवारी मी काकांच्या दुकानापुढच्या बाकावर बसू लागलो. त्यांच्या बिलबुकात औषध नेणाऱ्यांची नावं होती. एकेकाला शोधून मी भरपाईचा अर्ज लिहून देत असे आणि अंगठा घेण्याआधी कागदाच्या दोन्ही बाजू मोठ्याने वाचून दाखवत असे. प्रत्येक अर्जाला ठेकेदाराचे डंपर कमी होत गेले. मी ते रस्त्यावर मोजत असे.

काकांचं दुकान मात्र गेलं. खाती परत आली नाहीत. ते महाडकडे आपल्या गावी निघून गेले. तिथून पोस्टकार्ड येई, ‘पायाची काळजी घे’ एवढंच.

एकदा मोठं पत्र आलं. ठेकेदार त्यांच्याकडे गेला होता. हात जोडून म्हणाला होता की आता एकच दावा उरलाय, त्यात तेवढी साक्ष देऊ नका. काकांनी लिहिलं होतं : ‘त्याचा उजवा हात लुळा पडला आहे. शेवटची गाडीही विकली. माझ्यानेही आता कोर्टाच्या पायऱ्या चढवत नाहीत. तुझा सूड पुरा झाला, बाळा. आता तो दावा मागे घ्यायला सांग.’

मी त्यांना हे उत्तर पाठवलं :

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मी आज दोन पायांवर उभा आहे तो तुमच्यामुळे. तुम्ही सांगाल ते मी करीन, असं मी तुम्हाला अनेकदा म्हणालो आहे. हे एक करणार नाही.

उरलेला दावा माझा नाही. तो त्या सुरुंगवाल्याचा आहे. परवा त्याची बायको त्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली होती. त्याने विचारलं, “माझा अंगठा ज्यानं धरला तो मानूस येनार ना?” मी ‘हो’ म्हणालो. तुम्हाला न विचारता म्हणालो.

ठेकेदाराचा हात लुळा पडला हे वाचून मला वाईट वाटलं नाही. खोटं लिहून तुम्हाला फसवत नाही. त्याला सही करता येत नसेल तर अंगठा उठवू दे. कागद मी दोन्ही बाजूंनी वाचून दाखवीन. त्याने आमच्यापैकी कोणालाही एवढं दिलं नव्हतं.

पायऱ्यांची चिंता करू नका. पनवेलच्या स्टँडवर मी उभा असेन. तिथून ठाण्यापर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवा, उजव्या बाजूने चाला, डावा पाय अजून थोडा हलतो. त्या माणसाला तुमचा आवाज ऐकायचा आहे. एकदाच या. मग मी थांबेन.

तुमचा,
ज्याच्याकडून तुम्ही पुन्हा सही घेतली नाहीत तो