साठ पावलांवरची बार्बरा

चारुदत्त देवस्थळींना कोलंबसाचा भयंकर राग होता. पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर इतका दात धरून बसलेला दुसरा माणूस अख्ख्या वेस्ट विंडसर गावात सापडला नसता. औषधांच्या कंपनीतून केमिस्ट म्हणून रिटायर झाल्यावर लोक गोल्फ शिकतात, गुडघे बदलून घेतात. देवस्थळींनी जगाचा इतिहास हाती घेतला. गेली सहा वर्षं, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, मराठी ज्येष्ठांच्या गटापुढे ते दर्यावर्दींवर बोलत होते.

"लोक आधीपासून राहत होते तिथे! त्यांची आपापली नावं होती! या गृहस्थानं किनाऱ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या बेटाचं बारसं केलं आणि माणसांना इंडियन म्हणून मोकळा झाला. विचारलं का कुणाला?"

इथे ते टेबलावर हात आपटत. श्रोते चौदा, त्यातले नऊ जेवणासाठी आलेले. देवस्थळींची बायको पद्मजा शेवटच्या रांगेत डुलक्या काढत असे आणि हात आपटला की दचकून टाळ्या वाजवत असे. त्या टाळ्यांवरही देवस्थळी खूश असत, कारण दुसऱ्या कुणाच्या येत नसत.

आपलं कुणी ऐकत नाही, हे त्यांचं जुनं दुःख होतं. पण चौदा म्हाताऱ्यांनी ऐकलं नाही तरी चाललं असतं. त्यांना हवी होती अनया. अकरा वर्षांची ही नात दर बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे येई, कानात हेडफोन घालून चीज टोस्ट खाई आणि सहा वाजता बापाच्या गाडीत बसून निघून जाई. आजोबा समोर बसून वास्को द गामा सांगत. ती मधूनच "ओके" म्हणे. मध्यंतरी एकदा त्यांनी तिला नकाशे कसे काढावेत यावर अर्धा तास ऐकवलं होतं. शेवटी कानातली पांढरी बोंडं बघून त्यांनी स्वतःचीच कीव केली आणि टीव्ही लावला.

म्हणून त्या बुधवारी अनयानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले, तेव्हा देवस्थळींना आपलं जहाज किनाऱ्याला लागल्यासारखं वाटलं. शाळेत एक्सप्लोरर्सचा धडा चालू होता. प्रत्येकानं ओळखीच्या एका रस्त्याचा नकाशा काढायचा, प्रत्येक घरात कोण राहतं ते लिहायचं. शुक्रवारी संध्याकाळी शाळेत ते नकाशे भिंतीवर लागणार, आईबाप, आजीआजोबा बघायला येणार. अनयानं आजोबांचा रस्ता निवडला होता.

"आजोबा, आय डिड ऑलमोस्ट ऑल. बाबाबरोबर जाऊन सगळ्यांना विचारलं. फक्त ही उजवीकडची लेडी घरी नव्हती. पण तू तर नेक्स्ट डोअर राहतोस. तेहेतीस वर्षं! हू इज शी?"

देवस्थळींनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांना फक्त "कुत्रेवाली" एवढंच माहीत आहे.

आता यात त्यांच्या एकट्याचा दोष नव्हता. आपल्या घरांत गोऱ्या शेजाऱ्यांना नावं नसतातच, वर्णनं असतात. समोरचा तो टकलू. कोपऱ्यावरची लाल गाडी. पलीकडचा चायनीज डॉक्टर, जो पुढे कोरियन निघाला आणि डॉक्टर नव्हे, वकील निघाला, पण तोवर नाव बसलं होतं. कुत्रेवालीचं कुत्रं मरूनही वीस वर्षं झाली होती. नाव बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

अनया वाट बघत होती. वर्षभरात पहिल्यांदा तिनं त्यांना काही विचारलं होतं, आणि तेही इतिहासाच्या प्रांतातलं.

"बार्बरा," देवस्थळी म्हणाले आणि कान खाजवला.

"बार्बरा व्हॉट?"

"नुसतंच बार्बरा. आम्ही एकमेकांना पहिल्या नावानंच हाक मारतो."

ही दुसरी थाप पहिलीपेक्षा सफाईनं निघाली. अनयानं मान खाली घालून लिहिलं, थँक्स म्हणाली आणि जाताना चक्क गळ्यात पडली. त्या मिठीनं देवस्थळींची झोप उडाली. शुक्रवारी नकाशा भिंतीवर लागेल. कुत्रेवालीचं कुणी ओळखीचं तिथे आलं तर? अनया भर वर्गात तोंडघशी पडेल, आणि "आजोबांनी सांगितलं होतं" असं म्हणेल. राजाला सोन्याच्या डोंगरांच्या थापा लिहून पाठवणारे ते दर्यावर्दी आणि आपण, यांत फरक एवढाच, की त्यांनी निदान समुद्र ओलांडला होता.

सकाळी त्यांनी पद्मजाला फोन लावला. ती लेकीच्या बाळंतपणासाठी सनीव्हेलला होती.

"अगं, शेजारच्या कुत्रेवालीचं नाव काय?"

"नाव?" पद्मजा विचारात पडली. "मी तिला हनी म्हणते, ती मला हनी म्हणते. कुंपणापाशी तासतासभर बोलतो आम्ही. नाव कधी लागलंच नाही हो. आणि तुम्हाला आत्ता पहाटे साडेचारला कशाला हवंय ते?"

कॅलिफोर्नियाचं घड्याळ तीन तास मागे असतं, हे जगाच्या नकाशांवर व्याख्यानं देणारा माणूस विसरला होता. बायकोची माफी मागून त्यांनी फोन ठेवला. आता एकच मार्ग उरला होता: जाऊन विचारणं.

रिकाम्या हातानं कसं जायचं? एडिसनच्या देशी दुकानातून आणलेल्या बेसनाच्या लाडवांतले चार उरले होते. ते त्यांनी दह्याच्या धुतलेल्या डब्यात भरले. वाटेत त्यांना आठवलं, की वास्को द गामानं कालिकतच्या राजासाठी हात धुवायची भांडी, टोप्या आणि साखर नेली होती, आणि तो नजराणा बघून दरबारातली माणसं हसली होती. हा किस्सा ते व्याख्यानात फार रंगवून सांगत. आज दह्याचा डबा पाठीमागे लपवावासा वाटत होता.

त्यांनी पावलं मोजली. साठ भरली. बेल वाजवली.

दार उघडलं. ऐंशीच्या आसपासची बाई, पांढरे केस, हातात चष्मा. देवस्थळींना बघताच तिचा चेहरा उतरला.

"ओ नो. इज युअर वाइफ ओके? काय झालं?"

देवस्थळी उभ्या जागी खजील झाले. तेहेतीस वर्षांत हा माणूस दाराशी आला, म्हणजे कुणीतरी आजारी असणार किंवा गेलं असणार, याखेरीज तिला दुसरं काही सुचलं नव्हतं. पद्मजा ठणठणीत आहे, हे त्यांनी तीनदा सांगितलं, मग डबा पुढे केला आणि सगळं कबूल केलं: नातीचा नकाशा, बार्बरा, कान खाजवणं. बाई आधी बघतच राहिली, मग दाराला धरून इतकी हसली की तिला खोकला आला.

"लोरेन," ती म्हणाली. "लोरेन कोवाल्स्की. बार्बरा माझी नणंद. मला ती आवडत नाही."

तिनं त्यांना आत बसवलं, कॉफी दिली, लाडू अर्धा खाऊन उरलेला नॅपकिनमध्ये ठेवला. भिंतीवर एका दणकट माणसाचा फोटो होता, कुत्र्यासोबत.

"माझा वॉल्टर. त्यानं पण तुम्हाला नाव ठेवलं होतं बरं का. द ॲडमिरल. रोज सकाळी पायजम्यात ड्राइव्हवेवर येऊन, हात मागे बांधून तुम्ही लॉनकडे असे बघायचात, जणू आत्ताच शोध लागलाय!"

देवस्थळी हसले. मनापासून हसले, कारण नाव चपखल होतं. मग त्यांनी सहज विचारलं, "वॉल्टर कुठे आहेत?"

"आठ वर्षं झाली. मार्चमध्ये गेला."

मार्च. देवस्थळींना तो शनिवार आठवला. रस्ताभर गाड्या लागल्या होत्या, एक तर अर्धी त्यांच्या ड्राइव्हवेत. कुत्रेवालीकडे पार्टी दिसतेय, म्हणून ते घरात चिडचिड करत फिरले होते आणि आणखी कुणी गाडी लावू नये म्हणून कचऱ्याचा डबा रस्त्याच्या मध्ये नेऊन ठेवला होता. काळे कपडे दिसले होते. गोरे लोक पार्टीला काळे घालतात, असं ते स्वतःशी म्हणालेही होते. पद्मजानं नंतर खरं काय ते सांगितलंही असेल, आपणच ऐकलं नसेल. त्यांना फार वाईट वाटलं. त्या कचऱ्याच्या डब्याबद्दल माफी मागायला हवी होती. "आय ॲम सॉरी, लोरेन," एवढंच ते म्हणाले. ते कशाकशाबद्दल आहे हे तिला कळलं की नाही, देव जाणे. तिनं त्यांच्या हातावर थोपटलं आणि दह्याचा डबा धुऊन परत दिला.

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन करून नकाशासकट अनयाला बोलावून घेतलं. "स्पेलिंग चुकलंय" म्हणून भागवता आलं असतं. तसा मोह दोनदा झाला. पण समोर हेडफोन नसलेले दोन कान होते.

"अनया, मी थाप मारली. मला तिचं नाव माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कधी. आज विचारलं. लोरेन कोवाल्स्की."

तिच्या चेहऱ्याकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. अनयानं नकाशा उलगडला. सगळी घरं, सगळी नावं ठसठशीत काळ्या शाईत होती. फक्त उजवीकडच्या घरात, फिक्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: बार्बरा.

"हे पेन्सिलनं का?"

"तूच सांगितलं होतंस ना, आजोबा. स्वतः जाऊन विचारलेलं शाईनं लिहायचं. दुसऱ्याकडून ऐकलेलं पेन्सिलनं." तिनं खोडरबर त्यांच्यासमोर ठेवला. "अँड तू कान खाजवलास."

देवस्थळी बार्बराला खोडत बसले. खोडायला जरा वेळ लागला, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.