कापसाच्या घरातली बॅटरी

आमच्या गावातून घाटंजीच्या रस्त्याला लागायचं तर नाला ओलांडून एक चढ चढावा लागतो. धडधाकट माणसाला तो चढ वाटतही नाही. माझे पाय लहानपणी पोलिओने नेले. तेव्हापासून हाताने पेडल मारायची तीनचाकी सायकल आणि मी. चढाच्या पायथ्याशी थांबायचं आणि ढकलणारं कुणी येतं का ते बघत बसायचं. ढकलायला येणाऱ्यांचा मला राग येतो. न ढकलता निघून जाणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो.

घाटंजीच्या बाजारात मी फवारणीचे पंप दुरुस्त करतो. लिंबाखालची जागा ठरलेली, गिऱ्हाईकही ठरलेलं. मध्ये उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, हाताने सायकल चालवणं बंद करा, नाहीतर हातही कामातून जाईल. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, लगेच तोडगा काढला. मी घरी बसायचं, पंप तो बाजारातून गोळा करून आणणार. त्याचा हेतू चांगला होता, आणि चांगल्या हेतूच्या माणसाशी धड भांडताही येत नाही, म्हणून मी जास्तच भडकलो. बाजारात मला लोक मिस्त्री म्हणतात. घरी बसलो असतो तर मी फक्त दादाचा लंगडा भाऊ उरलो असतो.

सायकलीला मोटर बसवली. आधी शिशाच्या बॅटऱ्या लावल्या. त्या इतक्या जड की मोटर चढावर कण्हायची आणि बंद पडायची. मग मला, सायकलीला आणि बॅटऱ्यांना, अशा तिघांना ढकलावं लागे. गावाची चांगली करमणूक झाली. त्याच आठवड्यात मी ठरवलं, लिथियमची बॅटरी बांधायची, आणि स्वतः बांधायची.

यवतमाळच्या एका दुकानदाराने जुन्या लॅपटॉपचे सेल स्वस्तात देऊ केले. मी ते हातात घेऊन परत ठेवले. कुणाच्या मांडीवर किती वर्षं तापलेत ते कोण सांगणार? मी नवे, आयर्न फॉस्फेटचे सेल मागवले. हे इतर लिथियमपेक्षा शांत स्वभावाचे असतात, म्हणजे सहजी भडकत नाहीत. आमच्या दोघांपैकी एकाने तरी तसं असायला हवं होतं. आले तसा एकेक मीटरने मोजला. एक फुगीर वाटला, तो परत पाठवला आणि बदली येईपर्यंत कामाला हात लावला नाही.

बांधताना हातातलं कडं काढून ठेवलं. पान्याला दांड्यापर्यंत टेप गुंडाळली, कारण पाना एका वेळी दोन टोकांना टेकला की ठिणगी पडते आणि बोटं भाजतात. सेल आधी एकसारखे भरून घेतले. दोन सेलांमध्ये चिवट पट्ट्या घातल्या, प्लास्टिकसारख्या, वीज न जाणाऱ्या. रक्षक सर्किटच्या बारीक तारा क्रमाने जोडल्या आणि सर्किटमध्ये खोचण्याआधी प्रत्येक तार मीटरवर पुन्हा तपासली. एक तार चुकीच्या जागी निघालीच. फ्यूज अगदी धन टोकाजवळ लावला. दादा म्हणाला, एवढा वेळ तर घर बांधायला लागत नाही. मी म्हटलं, घरावर मी बसून फिरणार नाही.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. वेचणीचे दिवस होते आणि आमच्याकडे त्या दिवसांत घर माणसांचं राहत नाही, कापसाचं होतं. भाव चढेपर्यंत कापूस खोलीत भरायचा, ढीग आढ्याला टेकतो. अंगाला खाज सुटते, नाकात तंतू जातात, तरी त्याच्याच कडेला सगळे झोपतात. देवापुढचा दिवासुद्धा त्या दिवसांत स्वयंपाकघरात जातो. बिडी पेटवायची तर अंगणाबाहेर. माय या बाबतीत पाहुण्याचीही गय करत नाही. तिने बॅटरी पाहिली आणि एवढंच विचारलं, "कापसाच्या घरात हे इस्तव काहून आणून राह्यला?"

मी तिला समजावलं. हे इस्तव नाही, आगीचं भय नसावं म्हणूनच इतका खटाटोप केला आहे. चार्जिंगची सोयही केली आहे. बैल विकल्यापासून गोठा रिकामा होता. तिथे फरशीवर बॅटरी ठेवणार आणि भरेपर्यंत समोर बसणार. तिला नेमही सांगितले. उन्हात ठेवायची नाही. पाणी लागू द्यायचं नाही. आपटायची नाही. तिने ते मंत्रासारखे पाठ केले.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी बॅटरी लावून समोर बसलो होतो. एक शेतकरी पंप घेऊन दारात आला. मायला म्हटलं, जरा लक्ष ठेव, आणि पुढे गेलो. तेवढ्यात अवेळी पाऊस भुरभुरायला लागला. गोठ्याचा पत्रा गळका आहे. कुबड्या टेकत परत आलो तर फरशी रिकामी.

माय कापसाच्या खोलीतून समाधानाने बाहेर येत होती. ऊन नाही, पाणी नाही, आणि आपटू म्हटलं तरी आपटणार नाही, अशी घरात एकच जागा होती. बॅटरी तिने कापसाच्या ढिगावर ठेवली होती, वरून आपलं जुनं लुगडं पांघरलं होतं. हे इस्तव नाही, हे माझंच वाक्य तिने खरं मानलं होतं. उद्या बाजार आहे, अर्धी राहायला नको, म्हणून चार्जर त्याच खोलीत पुन्हा लावलाही होता.

मी कसा आत गेलो ते आठवत नाही. आधी बटण बंद केलं. बॅटरी कोमटही नव्हती. चार्जर मात्र कापसात रुतला होता, त्याच्या पंख्यात तंतू गच्च भरून पंखा थांबला होता आणि हात लावला तर चटका बसला. भोवतीचा कापूस पिवळसर पडला होता. वर्षाचं पीक, घर, त्यात आम्ही सगळे. मी इतक्या जोरात ओरडलो की दारातला शेतकरी पंप तिथेच टाकून निघून गेला. माय भिंतीला टेकून उभी राहिली. मला तिची दया आली आणि तरीही माझं ओरडणं थांबेना.

दादा संध्याकाळी आला. त्याने सगळं ऐकलं, तो पिवळा कापूस चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाला, हे विकून टाक, उद्यापासून तू घरीच. या वेळी त्याच्याकडे कारण होतं. मी मायकडे पाहिलं. तिने वीक म्हटलं असतं तर मी बॅटरी खरंच विकली असती.

ती म्हणाली, "मले कुठं नाही ठेवायचं ते सांगतलं त्यानं. कुठं ठेवायचं, त्याची जागा कुठं हाय आपल्या घरात? आधी जागा बांधा."

जागा आम्ही बांधली. दादा कुरकुरत विटा घेऊन आला. अंगणाच्या टोकाला, घरापासून आणि सरपणापासून लांब, तीन बाजूंनी विटा, वर न गळणारा पत्रा, समोरून उघडं. चार्जरसाठी वेगळा कप्पा, त्याला हवा येईल असा. आतून बाहेरून मातीचं लिंपण मायने केलं. तो बाजार बुडाला, त्यानंतरचाही बुडाला. आता बॅटरी लागली की माय समोर पाट टाकून तूर निवडत बसते, आणि तिथे बिडी घेऊन कुणी फिरकलं तर त्याची सात पिढ्यांची विचारपूस होते.

नव्या बॅटरीवर पहिल्यांदा बाजाराला निघालो त्या दिवशी तीही त्याच वाटेने वेचणीला निघाली होती. नाला ओलांडला. चढ लागला तशी सायकल जड झाल्यासारखी वाटली. मागच्या दांडीवर तिचा हात होता.

मी म्हटलं, "माय, हात काढ."

"मी कुठं ढकलून राह्यली? नुसता ठेवला."

मी मूठ आणखी पिळली. मोटर कण्हली नाही. अर्ध्या चढावर तिचा हात सुटला, ते मला पाठीत कळलं. वर पोचून सायकल कडेला घेतली आणि मागे पाहिलं. ती पदराने तोंड पुसत, दम खात येत होती. या चढावर कुणाची तरी वाट बघत थांबायची मला जुनी सवय आहे, फक्त आजवर मी खाली थांबत होतो.