म्हाताऱ्या मेंढराचं दुखणं

पाचोडच्या शिवारात मुंजाबाला लोक जनावराच्या डॉक्टरच्या आधी बोलावतात. पन्नास वर्षं मेंढरांमागं हिंडलेला माणूस. सकाळी कुंपणाच्या वाडग्यातून मेंढरं बाहेर काढली की खाली पडलेल्या लेंड्या तो अंगठ्यानं फोडून बघतो. लेंडी पातळ असली तर कोवळं खाल्लंय, शेंबूड असला तर जंत झालेत. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

स्वतःचं मात्र त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तांबडं फुटायच्या आत डबा घेऊन तो ओढ्याकडं जायचा. अंगणात सरकारी योजनेतला संडास होता, त्यात पेंडीची पोती ठेवलेली. दोन वर्षांपासून गुडघे धरले होते. बाजारच्या दिवशी तो मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायचा आणि रोज उपाशीपोटी, कोऱ्या चहासोबत दोन घ्यायचा. पोटात जळजळलं तर वर चिमूटभर सोडा.

नातीच्या बारशाला तो मेंढरं पुतण्या फकिराच्या हवाली करून शहरात आला. मुलगा बिभीषण पुंडलिकनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना चढताना मुंजाबा दोनदा बसला.

"मामा, लई दम लागलाय तुम्हाला," सून तनुजा म्हणाली.

"दम कशाचा? घर आभाळात घेतलंय तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिभीषण कंपनीत गेल्यावर मुंजाबा संडासात गेला. दिव्याच्या उजेडात, पांढऱ्या भांड्यात त्याला काळं, डांबरासारखं चिकट काहीतरी दिसलं. वास सडक्या रक्ताचा. दोन बादल्या ओतल्या तरी डाग निघेना. मेंढरानं असं टाकलं असतं तर त्यानं मालकाला तिथल्या तिथं सांगितलं असतं, आतून रक्त जातंय, हे आठवडा काढायचं नाही.

तो बाहेर येऊन बसला. घरात सून आणि तान्ही नात. सासऱ्यानं सुनेजवळ बोलायची ही गोष्ट नव्हती. संध्याकाळी बिभीषण आला की बघू, असं त्यानं ठरवलं. पण दुपारी पाण्याला उठला तर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्याला भिंत धरावी लागली.

"तनुजा," तो भिंतीकडं बघत म्हणाला, "एक म्हातारं मेंढरू हाय आपलं."

"व्हय मामा."

"त्याची लेंडी काळी पडलीय. डांबरावानी. आतून रगत जात असंल."

"मग फकिरा भाऊजींना फोन लावू का? औषध पाजतील."

"फकिराच्या हातचं नाय ते."

तनुजानं मांडीवरच्या लेकीवरून नजर वर केली. म्हाताऱ्याची नखं खडूसारखी पांढरी होती.

"मामा, ते मेंढरू पाचोडला हाय, का इथं?"

मुंजाबानं हात पोटावर ठेवला.

"इथं हाय."

"चपला घाला," ती म्हणाली. लेकीला तिनं शेजारच्या काकूंकडं दिलं आणि रिक्षात बसल्यावर बिभीषणला फोन लावला.

"किती दिवस काळी होतेय?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते कसं कळावं बाई? आम्ही अंधारात जातो."

हिमोग्लोबिन सहा निघालं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, मग तोंडावाटे दुर्बीण घातली. जठर संपून लहान आतडं सुरू होतं, तिथं जखम होती. जठरातलं आम्ल अन्न पचवतं. आतल्या अस्तराला त्यापासून एक बुळबुळीत थर वाचवतो. गुडघ्यासाठीच्या त्या गोळ्या दुखणं थांबवतात, तसा हा थरही पातळ करतात. जखमेतून रक्त झिरपत होतं आणि वाटेत काळं पडत होतं, म्हणून लाल कधी दिसलंच नसतं. डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच बारीक चिमटा लावून ते बंद केलं.

पाचव्या दिवशी त्याला घरी सोडलं. आम्ल कमी करायच्या गोळ्या चालू, गुडघ्याच्या बंद.

"मग मेंढरामागं चालू कसा?" मुंजाबानं विचारलं.

"कमी चाला," बाई म्हणाल्या.

बिभीषणनं त्याला इथंच राहा म्हणून सांगून पाहिलं. तो महिनाभर राहिला आणि पाचोडला परतला. निम्मी मेंढरं त्यानं फकिराला दिली. उरलेली तो वस्तीच्या आसपासच चारतो. गुडघा ठणकला की बांधावर बसतो, आणि तेवढ्यात मेंढरं कुणाच्या हरभऱ्यात शिरली तर शिव्या खातो.